ज्यांची भाकर स्वतःची होती



सन १८७३ सालीं जोतीरावांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें व तें अमेरिकेंतील भल्या लोकांना अर्पण केलें, ही गोष्ट तुमच्यापैकीं पुष्कळांना ठाऊक आहे. त्या देशांतील लोकांनीं काळ्या गुलामांच्या बेड्या तोडल्या, याचें जोतीरावांना फार मोल वाटलें. परंतु बेड्या तुटल्यावर त्या गुलामांचें आणि त्यांच्या लेंकरांचें पुढें काय झालें, हें आपल्याकडे फारसें कोणी सांगत नाहीं. तेंच सांगण्यासाठीं आज आम्ही उभे आहों.

गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली. १८७० त घटनादुरुस्ती होऊन रंगावरून कोणाचें मत नाकारूं नये असें ठरलें, आणि कांहीं वर्षें काळे लोक निवडूनहि आले. पण अर्पणपत्रिका छापून चारच वर्षें झालीं नाहींत तोंच, १८७७ त, त्यांच्या पाठीशीं उभें असलेलें सरकारी लष्कर बाजूला झालें आणि जुने जमीनदार पुन्हां गादीवर बसले. मिसिसिपी राज्यानें १८९० सालीं नवी घटना केली. तींत काळ्या माणसाला मत नाहीं असें एक अक्षरहि नाहीं! फक्त मतासाठीं पट्टी भरावी, आणि घटनेच्या कलमाचा अर्थ कारकुनाचें समाधान होईल असा सांगावा, एवढेंच. कलमें २८५. कोणतें द्यावयाचें तें कारकून ठरविणार, आणि समाधान झालें कीं नाहीं तेंहि कारकूनच सांगणार. गोऱ्या अडाण्याला सोपें कलम, काळ्या मास्तराला अवघड. कलमकसाई हा प्राणी आपल्याच मुलखांत निपजतो असें समजूं नका.

बेडी गेली, पण जमीन मिळाली नाहीं. पूर्वीचा गुलाम त्याच धन्याच्या रानांत वाट्यानें कापूस करूं लागला. बीं-बियाणें, पीठमीठ, कापड हें धन्याच्याच दुकानांतून उधार घ्यावयाचें. कापूस निघाला कीं धनी वही उघडणार. वही त्याची, वजन त्याचें, भाव त्याचा. वर्षाच्या शेवटीं अशा कुळाच्या हातांत काय पडत असेल, तें तुम्हां शेतकऱ्यांना सांगावयास नको.

अमेरिकेंतील काळ्यांच्या लढ्याचें नांव निघालें कीं मार्टिन ल्यूथर किंग यांचें नांव निघतें, तें योग्यच आहे. पण गांवोगांव या लढ्याचें जूं खांद्यावर घेतलें तें कोणीं, हें पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट पुन्हांपुन्हां दिसते. ज्याची भाकर गोऱ्याच्या हातीं नव्हती तो आधीं उभा राहिला. स्वतःच्या चार एकरांचा शेतकरी, काळ्यांचेच केस कापणारा न्हावी, केस विंचरून देणारी बाई, प्रेताची व्यवस्था करणारा. असे हे लोक. त्यांना नोकरीवरून काढावयाचें कोणीं?

दक्षिण कॅरोलायना राज्यांत जॉन्स बेट म्हणून ठिकाण आहे. तेथें इसॉ जेंकिन्स नांवाचे गृहस्थ शेती करीत, आणि स्वतःची बस चालवून बेटावरील लोकांना चार्ल्सटन शहरीं कामाला नेत. जातां-जातां बसमध्यें ते घटनेचीं कलमें शिकवीत. पुढें सर्वांनीं मिळून एक सहकारी दुकान काढलें, आणि जानेवारी १९५७ मध्यें दुकानाच्या मागल्या खोलींत प्रौढांची शाळा सुरूं झाली. पुढें दुकान दिसे, मागें अक्षरें चालत. या कामाच्या मूळ पुरस्कर्त्या सेप्टिमा क्लार्क. चाळीस वर्षें शिक्षिका असलेल्या बाई. पण काळ्यांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्थेचें सभासदत्व सोडीत नाहींत म्हणून १९५६ त सरकारनें त्यांना शाळेंतून काढून टाकलें. मग बेटावर शिकवावयास कोण आणलें? बर्निस रॉबिन्सन. या केशरचना करणाऱ्या व कपडे शिवणाऱ्या! शिक्षणाची पदवी नाहीं. त्यांनीं पहिल्या दिवशीं एवढेंच विचारलें, तुम्हांला काय शिकावयाचें आहे? कोणी म्हणालें, स्वतःचें नांव लिहावयाचें. कोणी म्हणालें, दूर गेलेल्या मुलाचें पत्र वाचावयाचें. कोणाला मनीऑर्डर भरावयाची होती. शिकवणी तेथूनच सुरूं झाली. पुढें अशा शाळा सबंध दक्षिणेंत पसरल्या.

आतां ज्यांची भाकर स्वतःची नव्हती त्यांतीलहि एक गोष्ट ऐका, नाहीं तर आमचें म्हणणें एकांगी होईल. मिसिसिपीच्या वायव्येस डेल्टा नांवाचा कापसाचा सपाट मुलूख आहे. तेथें रूलव्हिल गांवच्या फॅनी लू हेमर या वीस भावंडांतील शेंडेफळ. वयाच्या सहाव्या वर्षापासून कापूस वेंचणाऱ्या. एकाच मळ्यावर त्यांनीं अठरा वर्षें राबून काढलीं. ३१ ऑगस्ट १९६२ रोजीं अठरा माणसें मजूर वाहणाऱ्या एका जुन्या बसमधून इंडियानोला या तालुक्यासारख्या गांवीं मतदार म्हणून नांव घालावयास गेलीं, त्यांत त्या होत्या. कारकुनानें त्यांना घटनेंतील असें एक कलम दिलें कीं वकिलानेंहि डोकें खाजवावें. परततांना पोलिसांनीं बस अडविली. कारण काय? बसचा रंग फार पिवळा! ड्रायव्हरला दंड. आणि घरीं पोंचतात तों मालकाचा निरोप वाट पाहतच होता, नांव मागें घे, नाहीं तर मळा सोड. बाईंनीं त्याच रात्रीं मळा सोडला. पुढें १९६३ त तुरुंगांत त्यांना जो मार बसला त्यानें त्यांची प्रकृति कायमची खंगली. तरी १९६४ च्या ऑगस्टांत त्या अटलांटिक सिटीस डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनांत गेल्या आणि सगळ्या देशासमोर हें सांगितलें.

अशा धैर्याला आम्ही हात जोडतों. परंतु प्रत्येक कुळाकडून तें मागावें काय? त्याच डेल्टांत ग्रीनवुड गांवच्या भागांत लोक मतासाठीं नांवें घालूं लागले, तेव्हां १९६२ च्या ऑक्टोबरांत जिल्हा मंडळानें केंद्र सरकारकडून येणारें फुकट धान्य वांटणें बंद केलें. सुमारें २२,००० माणसें हिंवाळ्याच्या तोंडावर उपाशी. मत मागतां काय, मग खा आतां मत! उत्तरेंतील शहरांतून लोकांनीं ट्रक भरून पीठ, तूप, कपडे पाठविले तेव्हां चुली पेटल्या. यांत जमीनदारांचा आणखी एक हिशेब होता. कापूस वेंचणारीं यंत्रें आलीं होतीं. माणसें उठून उत्तरेस गेलीं तर त्यांना हवेंच होतें.

आतां याच्या शेजारचें माइलस्टन पहा. होम्स जिल्ह्यांतील हा भाग आमच्या मतें सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखा आहे. रूझवेल्ट यांच्या अमदानींत, १९४० च्या सुमारास, केंद्र सरकारनें तेथील कांहीं मळे विकत घेतले, त्यांचे तुकडे पाडले आणि शंभराच्या आसपास काळ्या कुटुंबांना हलक्या व्याजानें, लांब मुदतीनें जमिनी दिल्या. सोबत सहकारी सरकी काढण्याचा कारखाना, दुकान, शाळा. वीस-पंचवीस वर्षांत तीं कुटुंबें पायावर उभीं राहिलीं. हेच शेतकरी आपण होऊन ग्रीनवुडला गेले आणि चळवळींतील विद्यार्थ्यांना म्हणाले, आमच्याकडे या. ९ एप्रिल १९६३ रोजीं चौदा जण लेक्सिंग्टनच्या कचेरीकडे निघाले. दारांत पोलिस. पहिला कोण, असें त्यानें विचारतांच हार्टमन टर्नबो नांवाचे शेतकरी पुढें झाले. महिनाभरानें त्यांच्या घरावर रात्रीं पेटत्या बाटल्या पडल्या. बायको व मुलगी बाहेर पळालीं. टर्नबो यांनीं बंदूक घेऊन हल्लेखोरांना पळवून लावलें आणि आग विझविली. दुसऱ्या दिवशीं अटक कोणाला झाली म्हणतां? टर्नबो यांनाच, स्वतःचें घर स्वतःच जाळलें, या आरोपावर!

यांना मळ्यावरून कोण हांकलणार? शिवाय पोरें तुरुंगांत पडलीं कीं हे शेतकरी आपलीं रानें तारण लिहून देत. जमीन होती म्हणून जामीन मिळाला. बाहेरून आलेल्या तरुणांना त्यांनीं घरांत ठेवलें, जेवूं घातलें, रात्रीं पाळीपाळीनें राखण केली. १९६४ त कॅलिफोर्नियाहून एब ओशेरॉफ नांवाचा गोरा सुतार आला आणि त्यानें गांवकऱ्यांसोबत तेथें समाजगृह बांधलें. गोऱ्यांतहि अशीं माणसें होतीं. लेक्सिंग्टनच्याच साप्ताहिकाच्या संपादिका हेझल ब्रॅनन स्मिथ यांनीं अन्यायाविरुद्ध लिहिलें, तेव्हां जातभाईंनीं त्यांच्या जाहिराती बंद पाडल्या. छोटें पत्र चालविणें म्हणजे काय असतें, हें आम्ही अनुभवानें जाणतों.

६ ऑगस्ट १९६५ रोजीं मताधिकाराचा कायदा झाला. कारकुनाची परीक्षा गेली. मिसिसिपींत त्यापूर्वीं शंभर काळ्या प्रौढांत जेमतेम सात मतदार होते, ते १९६७ पर्यंत साठाच्या घरांत गेले. त्याच वर्षीं होम्स जिल्ह्यानें रॉबर्ट क्लार्क या काळ्या शिक्षकाला राज्याच्या विधिमंडळावर निवडून पाठविलें. विसाव्या शतकांतील मिसिसिपीचा हा पहिला काळा आमदार. तो माइलस्टनच्याच जिल्ह्यांतून यावा याचें आम्हांला नवल वाटत नाहीं.

परंतु मत आलें त्याच काळांत जमीन जात होती. हेमरबाईंनीं हें ओळखलें. त्यांनीं १९६९ त चाळीस एकरांवर सहकारी शेती सुरूं केली. गरीब कुटुंबाला गाभण डुकरीण द्यावयाची आणि पुढें पिलें परत घेऊन दुसऱ्याला द्यावयाचीं, अशीहि योजना चालविली. कर्ज व कर यांच्या ओझ्याखालीं ती शेती कांहीं वर्षांतच मोडली, आणि १९७७ त बाई वारल्या. १९२० सालीं त्या देशांत काळे शेतकरी सवानऊ लाखांवर होते. १९९७ त वीस हजारसुद्धां उरले नाहींत. शेतकी खात्याच्या जिल्हा समित्यांवर गोरेच बसत. कापसाचें क्षेत्र कोणाला किती, कर्ज कोणाला, हें त्यांच्या हातीं. काळ्या शेतकऱ्याचा अर्ज पडून राही आणि पेरणी उलटून गेल्यावर मंजूर होई. अखेर शेतकऱ्यांनीं खात्यावर दावा लावला. १९९९ सालीं कोर्टांत तडजोड झाली आणि ज्यांची तक्रार मान्य झाली अशा बहुतेकांना प्रत्येकीं पन्नास हजार डॉलर मिळाले. तोंवर अनेकांचीं रानें लिलांवांत जाऊन वर्षें लोटलीं होतीं, आणि कित्येक अर्जदारांचे वारसच पैसे घ्यावयास आले.