हात देईन, पण विद्या शिकव

चुलीपुढं असाल, शेतातून येऊन हातपाय धूत असाल, नाहीतर मशीनवर ब्लाउज शिवत असाल, तर हातातलं काम चालू राहू द्या आणि कान तेवढे माझ्याकडं द्या. आज हप्ता, व्याज, थकबाकी यातलं काही बोलायचं नाही. आज मी तुम्हाला एका सिनेमाची गोष्ट सांगणार आहे.

सिनेमा लहान मुलांचा आहे आणि जपानमध्ये बनलेला आहे. त्यात एक चेटकीण आहे, एक बोलणारं काळं मांजर आहे आणि दहा वर्षांची एक पोर आहे. आता तुम्ही म्हणाल, ताई, कार्टूनचा आणि बचत गटाचा काय संबंध? ऐका तर खरं.

जपानच्या कार्टूनला ॲनिमे म्हणतात. आपली पोरं शाळेतून आली की दप्तर टाकून डोरेमॉन लावतात ना, तेही ॲनिमेच. मी सांगते त्या सिनेमाचं नाव 'आया आणि चेटकीण'. इंग्रजीत त्याला 'इअरविग अँड द विच' म्हणतात. ३० डिसेंबर २०२० ला तो जपानच्या एनएचके वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला आणि पुढच्या वर्षी तिथल्या थिएटरात लागला. मूळ गोष्ट इंग्लंडच्या लेखिका डायना विन जोन्स यांची. २०११ साली त्या वारल्या आणि त्याच वर्षी हे छोटंसं पुस्तक निघालं. सिनेमा केला स्टुडिओ जिबलीनं. १९८५ साली सुरू झालेली ही संस्था हायाओ मियाझाकी या दिग्दर्शकामुळं जगभर नावाजली. हा सिनेमा मात्र त्यांच्या मुलानं, गोरो मियाझाकींनी केला.

जिबलीची ओळख म्हणजे हातानं काढलेली चित्रं. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. तेव्हा एका सिनेमासाठी किती चित्रं काढावी लागत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. 'आया' हा त्यांचा पूर्ण कॉम्प्युटरवर घडवलेला पहिला मोठा सिनेमा. यात चित्र काढण्याऐवजी कॉम्प्युटरच्या आत जणू एक बाहुली घडवतात. तिच्या आत सांगाडा बसवतात. कोपर कुठं वाकेल, मान किती वळेल, भुवई कशी उडेल, हे सगळं आधी ठरवून ठेवतात. मग कलाकार ती बाहुली थोडी थोडी हलवत जातो आणि उजेड कुठून पडतो, सावली कुठं जाते, याचा हिशेब कॉम्प्युटर करतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. दोऱ्या वर कलाकाराच्या हातात आणि खाली बाहुली नाचतेय. तसंच हे, फक्त इथल्या दोऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत.

दोऱ्यांचं मी मुद्दाम सांगितलं. आपल्याकडं आया म्हणजे पोरं सांभाळणारी बाई, म्हणून नाव ऐकून हसू आलं असेल. पण जपानी सिनेमात त्या मुलीच्या आईनं तिचं नाव ठेवलेलं असतं 'आयात्सुरु'. जपानीत या शब्दाचा अर्थ होतो बाहुली नाचवणं, दुसऱ्याला आपल्या तालावर वागायला लावणं. अनाथाश्रमातल्या बाईंना असं नाव बरं वाटत नाही. त्या ते थोडं बदलून टाकतात आणि सगळे तिला नुसतं आया म्हणू लागतात. नाव बदललं तरी गुण कुठं जातात?

आता गोष्ट ऐका. इंग्लंडमध्ये एका रात्री लाल केसांची एक बाई अनाथाश्रमाच्या दारात तान्ही मुलगी ठेवून जाते. सोबत चिठ्ठी असते. बारा चेटकिणी माझ्या मागं लागल्यात, त्यांना चुकवलं की मी परत येईन, त्याला कितीही वर्षं लागतील, असा त्या चिठ्ठीचा मतलब. ही मुलगी आश्रमात वाढते आणि मजेत वाढते. ती बिचारी नाही. बाईंना काय आवडतं, स्वयंपाक्याशी कसं गोड बोलायचं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. कुणी दत्तक न्यावं अशी तिची इच्छाच नसते.

पण एक दिवस एक जोडपं येतं. बाईचं नाव बेला यागा. तिचे केस निळे, अंगानं थोराड, तोंडानं फटकळ. सोबत मँड्रेक नावाचा ताडमाड उंच माणूस, आणि त्याला राग आला की घर हादरतं. ते दोघं आयाला निवडून घरी नेतात. घरी पोचल्यावर बेला यागा सांगून टाकते की, मी चेटकीण आहे आणि मला कामाला दोन हात जास्तीचे हवे होते, म्हणून तुला आणलं.

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे की नाही? आपल्याकडं म्हणतात, "हाताखाली एक पोरगी हवी होती." लेक म्हणून नाही, शिकायला आलेली म्हणूनही नाही. नुसती हाताखाली.

आता आया काय करते बघा. ती रडत नाही आणि मुकाट्यानं कामालाही लागत नाही. उलट तिला आनंद होतो. ही चेटकीण आहे म्हणजे हिला मंत्रतंत्र येतात! मग ती सरळ सौदा मांडते. मी तुझं काम करते, तू मला जादू शिकव. दहा वर्षांची पोर पहिल्याच दिवशी आपल्या कामाचं मोल मागते.

बेला यागा कसली शिकवते! उंदरांची हाडं कुटायची, काट्याकुट्यांतून पाला तोडून आणायचा, घाणेरडी खोली घासायची, एवढंच आयाच्या वाट्याला येतं. नाही केलं तर अंगावर अळ्या सोडीन, अशी धमकी वर. घराबाहेर पडायला दारच सापडत नाही. हाडं कुटणारे हात आयाचे आणि मंत्राचं पुस्तक बेला यागाचं.

शिवणकाम शिकलेल्या बायकांना हे लगेच कळेल. शिकायला म्हणून पोर टेलरकडं जाते. दोन वर्षं ती काज करते, बटणं लावते, तुरपाई करते. पण कापडावर कात्री चालवायची वेळ आली की तिला चहा आणायला पाठवतात. कटिंग शिकली तर उद्या स्वतःचं दुकान घालील ना! काम द्यायचं, पण कामाची किल्ली द्यायची नाही, ही जुनी रीत आहे. त्याला चेटकीणच लागते असं नाही.

मग आया पुढं काय करते? त्या घरात थॉमस नावाचं काळं मांजर असतं. बेला यागाच्या मंत्रांना त्याची गरज लागते, म्हणून त्यालाही जबरदस्तीनं राबवलेलं असतं. एक दिवस ते आयाशी बोलायला लागतं. दोघं हाताखालचे, दोघंही त्रासलेले. रात्री दोघं मिळून मंत्राचं पुस्तक उघडतात. सगळ्यात आधी ते कोणता मंत्र करतात? बेला यागाची जादू आपल्यावर चालू नये, असा. सूड नाही, पळून जाणं नाही, आधी स्वतःचा बचाव.

हे ऐकताना मला आपला गट आठवतो. आपणही पहिल्या दिवशी सावकाराशी भांडायला गेलो नव्हतो. आधी पन्नास-शंभर रुपये साठवले. अडीनडीला आपला पैसा आपल्याकडं आहे म्हटल्यावर आवाज आपोआप चढला. थॉमस आणि आया म्हणजे दोघांचा गटच झाला की!

बचाव झाल्यावर आया खोडी काढते. तुला जास्तीचे हात हवे होते ना? मग घे! तिच्या मंत्रानं बेला यागाच्या अंगावर खरोखरच दोन हात उगवतात, एक कपाळावर आणि एक पाठीमागं, बसायच्या जागी. पोरं इथं पोट धरून हसतात. बेला यागा चिडून अळ्या सोडते, त्या अळ्या जाऊन पडतात मँड्रेकच्या खोलीत. त्याचा संताप होतो आणि तो बेला यागाला बजावतो की या मुलीला नीट शिकव. तिथून घराचं वारं बदलतं. आयाला विद्या मिळायला लागते. पुढं हे कळतं की बेला यागा, मँड्रेक आणि आयाची आई कधीकाळी एकाच बँडमध्ये गाणं-बजावणं करायचे. शेवटी नाताळच्या दिवशी दारात उभी असते आयाची आई.

आणि तिथंच सिनेमा संपतो, एकदम. आई कुठं होती, का आली, पुढं काय, काही सांगत नाही. बघणारा म्हणतो, अरे, अजून अर्धी गोष्ट राहिली की! चित्रांवरही पुष्कळ टीका झाली. जिबलीची हातानं काढलेली मऊ चित्रं ज्यांनी पाहिलीत, त्यांना ही माणसं प्लॅस्टिकच्या बाहुल्यांसारखी वाटली. केस तर गवऱ्या थापल्यासारखे एकसंध दिसतात. टीका खोटी नाही. तरी हा सिनेमा मुलींना दाखवावा असं मला वाटतं, आणि त्याचं कारण आया.

आपण मुलींना कोणत्या गोष्टी सांगतो? सावत्र आईनं छळलं, तिनं सोसलं, मग राजपुत्र आला. सोसलं म्हणून सुटका झाली. आया सोसून सुटत नाही, ती मागते. नाही मिळालं तर डोकं चालवते. एका काकूंनी मला विचारलं, "पोरींना असली लबाडी शिकवायची का गं?" प्रश्न बरोबर आहे. पण क्रम बघा. आयानं आधी सरळ विचारलं होतं. काम करायलाही ती तयार होती. समोरच्यानं शब्दाला किंमत दिली नाही, बाहेर पडायला दार ठेवलं नाही, तेव्हा तिनं युक्ती केली. लबाडी म्हणायचीच असेल तर मुलगी म्हणून आणून राबवणाऱ्याची आधी म्हणा.

आता आपल्याकडचं बोलते. आपल्याकडं मूल दत्तक घ्यायचं तर असं दारात येऊन पोर निवडून नेता येत नाही. कायद्यानं नोंदणी, घरची चौकशी, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, सगळं लागतं. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १४ वर्षांखालचं मूल घरकामाला ठेवणं गुन्हा आहे. कुठं असं मूल अडकलेलं दिसलं तर १०९८ हा नंबर फिरवायचा, त्याला पैसे पडत नाहीत. पण पुष्कळदा पोर कामाला पाठवली असं कुणी म्हणतच नाही. "नात्यातच दिली", "शिकायला ठेवली" असं म्हणतात. तिथं कायद्याआधी आईनं जागं राहावं लागतं.

मागच्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीला असंच मागणं आलं. पोर तेरा वर्षांची, आठवीत. शहरातले नातेवाईक म्हणाले, "आमचं बाळ सांभाळील, वहिनीच्या हाताखाली राहील, शाळेतही घालू." ताईंना दोन पोरं अजून मागं, घरात ओढाताण. पाठवावं असं जवळजवळ ठरलं होतं. बैठकीत विषय निघाला तेव्हा बायकांनी मिळून तीन प्रश्न काढले. शाळा कोणती? दाखला कधी नेणार? बाळ सांभाळून अभ्यासाला वेळ कोणता? ताईंनी तिथंच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "शाळेचं बघू पुढच्या वर्षी." ताई म्हणाल्या, "मग पाठवायचंही पुढच्याच वर्षी बघू."

हे सोपं नव्हतं. नातेवाईक रुसले, दिवाळीला फोनसुद्धा आला नाही. घरची ओढाताणही तशीच आहे. पण पोर आता नववीत बसलीय.

आणि हे फक्त दुसऱ्याच्या घराचं नाही, बरं का. आपल्या घरातही लेक हाताखाली असतेच. भाकरी थापते, धुणं धुते, धाकट्याला बघते. काम करू नये असं मी म्हणणार नाही, कामानं हात तयार होतात. पण त्याच्या बदल्यात आपण तिला काय शिकवतो? बाजारात माल विकायला नेतो, पण भाव करताना तिला शेजारी उभं करतो का? बँकेत जाताना स्लिप भरायला तिला देतो का? गटातही बघा. सतरंजी अंथरायला, चहा करायला नवीन सून, आणि हिशेबाची वही दहा वर्षं एकीच्याच हातात. मग ती वही म्हणजे बेला यागाचं पुस्तकच झालं की नाही?

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. हिशेबाची वही मधोमध ठेवा. जिनं आजवर ती कधी लिहिली नाही, तिच्या हातात पेन द्या. चुकलं तर खोडून परत लिहील. बैठकीला आपापल्या मुलींनाही घेऊन या, त्यांना आयाची गोष्ट सांगा. आणि शेवटी विचारा, "आयाच्या जागी तू असतीस तर पहिल्या दिवशी काय मागितलं असतंस?" त्या काय उत्तर देतात ते लिहून ठेवा आणि माझ्याकडं पाठवा. पुढच्या वेळी आपण ती उत्तरं इथंच रेडिओवर वाचू.

चला, भाकरी करपत असेल. नमस्कार!