पैसे घेणारा हात धरा



नको असलेल्या संदेशांचा, म्हणजे स्पॅमचा, सगळा इतिहास आज सांगत बसत नाही. १९७८ साली आर्पानेटवर गेलेली कॉम्प्युटरविक्रीची ती पहिली जाहिरात, पुढे आलेले फिल्टर, वाकड्यातिकड्या अक्षरांची कोडी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. पाठवणाऱ्याच्या मागे धावून हा उच्छाद थांबत नाही. पैसे शेवटी कुणाच्या खात्यात पडतात ते शोधा आणि ते खातं बंद पाडा.

पाठवणाऱ्याला रोखून पाहिलंय. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या मॅककोलो या कंपनीची इंटरनेट जोडणी तोडली गेली. स्पॅमची सूत्रं हलवणारे मोठमोठे सर्व्हर तिथे होते. जगभरातला स्पॅम बघता बघता निम्म्याहून खाली आला. आणि काही महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखा सुरू!

त्याच वर्षी सॅन दिएगो आणि बर्कलेच्या संशोधकांनी एक विलक्षण प्रयोग केला. लोकांचे कॉम्प्युटर त्यांच्या नकळत ताब्यात घेऊन मेल पाठवणारं ‘स्टॉर्म’ नावाचं जाळं होतं. हे संशोधक त्यात शिरले, औषधांच्या जाहिरातींमधली लिंक बदलली आणि लोकांना स्वतः उभारलेल्या नकली दुकानात आणलं. माल निवडता यायचा, पण पैसे भरायला गेलं की साइट बिघडल्याचा निरोप. कुणाकडून छदाम घेतला नाही. २६ दिवस, सुमारे ३५ कोटी मेल. खरेदीपर्यंत किती आले असतील? (श्रोत्यांतून : “लाखभर!”) फक्त २८. त्यांतल्या एकाचा अपवाद सोडला, तर सगळे पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्या मागत होते. (हशा)

हसलात, हरकत नाही. पण मला त्या माणसांविषयी बोलायचंय. आपलं दुखणं डॉक्टरसमोर सांगायची लाज वाटते, औषधाच्या दुकानात ओळखीचं कुणी भेटेल याची धास्ती वाटते, म्हणून माणूस रात्री एकटा अनोळखी दुकानात शिरतो. त्याला मूर्ख ठरवून आपण मोकळे होतो. आपल्याकडे भिंतींवर ‘गुप्तरोग’ असं रंगवणारे वर्षानुवर्षं याच लाजेवर पोसले गेले. ही लाज आहे तोवर गिऱ्हाईक मिळणार, आणि पाठवायला जवळजवळ फुकट असल्यामुळे कोट्यवधींतून मूठभर मिळाले तरी धंदा चालणार. माझा राग पैसे मोजून घेणाऱ्यावर आहे.

सभेच्या अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. वेळ फारच थोडा आहे, तेव्हा मुख्य मुद्द्यावर येतो. तो आधीच यायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं दिसतंय. (हशा)

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी त्याच संशोधक मंडळींनी स्पॅममधल्या दुकानांतून खरोखर खरेदी केली. पाकिटं घरपोच आली. गोळ्यांची पाकिटं भारतातूनही आली होती, आपल्या मुंबई-ठाण्याकडूनही! त्यांनी कार्डाच्या व्यवहारांचा माग काढला. स्पॅममधून विकली जाणारी औषधं, नकली घड्याळं आणि सॉफ्टवेअर यांचे ९५ टक्के व्यवहार अवघ्या तीन बँकांतून होत होते. सर्व्हर आज पाडला तर उद्या दुसरा उभा राहतो. असले पैसे घ्यायला तयार असलेली बँक मात्र सहजी सापडत नाही. पुढे काही कंपन्यांनी कार्डसंस्थांकडे तक्रारी करून अशी खाती बंद करवली, तेव्हा चोरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या अनेकांना गाशा गुंडाळावा लागला.

“मग नकोशा फोन-मेसेजची तक्रार नोंदवायचं आपलं १९०९ कशाला?” असं मागून कुणीतरी विचारलं. ते निरुपयोगी आहे असं मी म्हटलेलं नाही. तसं कुणी ऐकलं असेल तर कृपया दुरुस्त करून घ्या. नियमांतल्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीला सात दिवसांची मुदत आहे, आधी तीनच होती. तक्रार जरूर करा. माझी मागणी पुढची आहे. कर्जाचा किंवा फ्लॅटचा फोन आला, की आपण नंबर ब्लॉक करतो आणि गप्प बसतो. त्याऐवजी विचारा : कर्ज कुणाचं, फ्लॅट कुणाचा, टोकन कुणाच्या नावाने भरायचं? ते नाव तक्रारीत लिहा. तेच नाव त्या बँकेच्या किंवा बिल्डरच्या तक्रार विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. फोन करणारी मुलगी पगारावर असते. तिच्यावर ओरडू नका, तिच्याकडून नाव काढून घ्या.