धाव आणि धार

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"सध्या काय करतेस?" या प्रश्नाला गेली वीस वर्षं मी "सॉफ्टवेअरमध्ये आहे" एवढंच उत्तर देत आले. आज वेगळं उत्तर देते. गेल्या दिवाळीत मी एक सुरी घडवली. ती इथे टेबलावर ठेवली आहे. जरा डावीकडे झुकलेली आहे, पण कापते.

झालं असं, की दिवाळीला माहेरी आले होते. आईच्या विळीला धार लावायला आपल्या एका वर्गमित्राच्या लोहारशाळेत गेले. तो आत्ता मागच्या रांगेत बसला आहे. नाव घ्यायचं नाही, अशी त्याची अट आहे. शाळेत इतक्या वर्षांत आम्ही दहा वाक्यंही बोललो नसू. तेव्हा मुलं-मुली बोलतच कुठे होती! मी ऐरणीकडे बघत उभी राहिले, तेव्हा तो म्हणाला, "नुसती बघतेस काय? घे हातोडा." पुढचे चार दिवस घरचा फराळ सोडून मी तिथेच होते.

ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा त्याने भट्टीत घातला. साध्या सळईत कार्बन फार कमी, त्यामुळे तिला धार टिकत नाही. कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा थोडा जास्त असतो. मेकॅनिकलची डिग्री घेऊन संगणकाकडे वळलेल्यांपैकी मी एक, त्यामुळे एवढं ठाऊक होतं. मी विचारलं, "तापमान किती ठेवायचं?" उत्तर न देता त्याने शटर अर्धं खाली ओढलं. उजेडात तापल्या लोखंडाचा रंग फसवतो, अंधारात खरा दिसतो. नारिंगी-पिवळं झालं की ठोकायचं, काळपट लाल पडलं की थांबायचं. पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळालं म्हणायचं. एका तावात जेमतेम आठ-दहा घाव मिळतात. माझे निम्मे वाया जायचे.

धारेची बाजू ठोकून पातळ करू लागले, तर पातं केळ्यासारखं वाकलं. एकच कड ठोकली की तेवढीच लांबते, दुसरी आहे तशी राहते. म्हणून जाणता लोहार पातं आधीच उलट्या बाजूला वाकवून ठेवतो. धार निघत जाते तसं ते सरळ होतं.

तिसऱ्या दिवशी पातं तयार झालं. आता फक्त 'पाणी द्यायचं' होतं. तापलेलं पोलाद झटकन थंड केलं की कडक होतं, हा धडा मला तोंडपाठ. सुमारे ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं, हेही पाठ. तारेला चुंबक बांधून तपासलं, आणखी थोडं तापवलं. मित्र बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होता. "मी येईपर्यंत थांब," असं तो सांगून गेला होता. मी थांबले नाही. शेजारी पाण्याची कुंडी होती, तीत पातं बुडवलं.

बारीकसा 'टिक्' आवाज आला. बाहेर बाजेवर बसलेले त्याचे वडील आत न बघताच म्हणाले, "गेलं."

धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर पडली होती. हे पोलाद पाण्यात इतकं झटकन निवतं की ते त्याला सोसत नाही. त्याला कोमट तेल लागतं. म्हणायचं 'पाणी', पण द्यायचं तेल! ऑफिसात माझं चुकलं तर मी कालचा प्रोग्रॅम परत आणते. इथे तीन दिवस भंगारात गेले. मित्र रागावला नाही. त्याने दुसरा तुकडा भट्टीत घातला.

दुसऱ्या पात्याची धार नाण्याइतकी जाड ठेवली. तीनदा तापवून हवेत निवू दिलं आणि मग तेलात बुडवलं. त्यावर कानस घासली तर ती नुसतीच घसरली, म्हणजे पातं कडक झालं. पण अशा अवस्थेत ते काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून घासून चकचकीत करायचं आणि वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढेपर्यंत पुन्हा हलकेच तापवायचं.

ते पातं निवत असताना मी त्याला विचारलं, "आठवीतला तो तास आठवतो?"

सर, तुम्ही विचारलं होतं, तापल्यावर धातू प्रसरण पावतात याचं उदाहरण कोण सांगेल? हा उठला आणि म्हणाला, "चाकाची धाव तापिवली की फुगती, चाकावर घालून पानी मारलं की आवळती." वर्ग हसला. पहिल्या बाकावरून सगळ्यांत मोठ्याने मी हसले. मग उठून पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली. शाबासकी मला मिळाली. बैलगाडीच्या चाकावर धाव बसवताना मी तोवर एकदाही पाहिलं नव्हतं. त्याने आदल्या रविवारी वडिलांबरोबर बसवली होती.

तो म्हणाला, "आठवतो की. घरी जाऊन बाबांना सांगितलं, आपलं काम पुस्तकात आलंय." थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही हसलात, तेही आठवतंय."

मी तिथे काहीच बोलू शकले नाही. आज सगळ्यांसमोर बोलते, कारण हसले होते तेही सगळ्यांसमोरच. माझं चुकलं. उत्तर त्याचं बरोबर होतं, आणि माझ्यापेक्षा पुरं होतं. मी फक्त प्रसरण सांगितलं, त्याने आकुंचनही सांगितलं होतं.

मुख्याध्यापकांना एक विनंती. आठवीला तो धडा येईल, त्या दिवशी याला वर्गावर बोलवा. यायला तो तयार आहे. मी विचारून ठेवलं आहे.

आणि आजचा केक याच सुरीने कापायचा आहे. सांभाळून धरा. धार त्याने लावली आहे.