विद्यापीठाचे कलादालन कोणाचे?

(मंडळाच्या गणेशोत्सव कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पांच्या मंडपात कलादालनावर भाषण कशाला, असे काहींना वाटेल. पण या दिवसांत आपण सगळे काय करतो ते आठवा. रात्री मुलांना खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरतो. यंदा मूर्तीचे डोळे कसे उतरलेत, देखाव्याचा पडदा कुणी रंगवला, यावर घरी येईपर्यंत चर्चा करतो. तेव्हा आमच्या बेळगाव-निपाणीच्या माणसाला चित्र-शिल्पातले कळत नाही, असे कुणी म्हणू नये. प्रश्न एवढाच आहे की, विसर्जन झाल्यावर उरलेले वर्षभर या नजरेला काम कुठे मिळते?

ते काम कलादालनात मिळते. आणि असे एक तरी दालन विद्यापीठाचे असावे. खासगी दालनाला भाडे आणि विक्री बघावी लागते. विद्यापीठाकडे जागा असते, शिकवणारे असतात, दरवर्षी नवी मुले येतात. शिवाय माणसे बदलली तरी संस्था राहते, म्हणून वस्तू जपण्याची जबाबदारी ती घेऊ शकते.

याचे उत्तम उदाहरण बडोद्याचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा तिथल्या गादीवर बसला आणि सयाजीराव महाराज झाला. त्यांनी एकोणिसाव्या शतकातच शहराला संग्रहालय दिले. पुढे 1949 साली विद्यापीठ आणि 1950 साली तिथे ललित कला विभाग सुरू झाला. इंदूरचे आपले ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायला गेले आणि पुढे विभागाचे प्रमुखही झाले. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते पुढचे. तिथल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी साठच्या दशकात कलेची जत्रा भरवायला सुरुवात केली. खेळणी, बाहुल्या, मातीची भांडी स्वतः बनवायची आणि सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकायची. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा कलावंत या जत्रेसाठी खेळणी करत असे. शिवाय वर्षअखेरीला विद्यार्थ्यांची कामे मांडली जातात, ती बघायला गाव येते. याच विभागातले ज्योती भट्ट कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांत गेले आणि बायकांनी भिंतींवर, अंगणात काढलेल्या चित्रांचे फोटो त्यांनी जमवले. म्हणजे विद्यापीठ गावाकडे गेले, म्हणून गाव विद्यापीठाकडे आले.

आता जरा जवळ येऊ. निपाणीहून तासाभरात कोल्हापूर येते. तिथे शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले आबालाल रहिमान 1931 साली वारले. त्यांनी आयुष्यभर चित्रे काढली, पण त्यांतली फार थोडी आज उरली आहेत. जी टाऊन हॉलच्या संग्रहालयात पोहोचली, ती आपण आज पाहू शकतो. उलट चंद्रकांत मांढरे यांनी राजारामपुरीतले आपले घर चित्रांसकट शासनाला देऊन टाकले. सिनेमातला तो देखणा नट पावडर शेडिंगमध्ये किती तरबेज होता, हे आज शाळेतले पोरही तिथे जाऊन बघते. चित्र चांगले असले की आपोआप टिकते, असे नाही. ते योग्य हाती पडावे लागते.

आणि आपल्या बेळगावचे काय? के. बी. कुलकर्णी सरांनी इथे ‘चित्रमंदिर’ चालवले. रवी परांजपे त्यांचे विद्यार्थी, जॉन फर्नांडिस त्यांचे विद्यार्थी. दोघांची नावे मुंबई-पुण्यात आदराने घेतली जातात. टिळकवाडीत वरेरकर नाट्यसंघात सरांच्या नावाचे कलादालन आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण आपल्या नातवंडांना विचारा, यांतले किती जण त्यांना ठाऊक आहेत? सरांच्या आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांच्या हातची चित्रे कुणाच्या दिवाणखान्यात असतील, कुणाच्या माळ्यावर. आता जुने वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहत आहेत. वाटण्या होतात, सामान हलते. आजोबांचे तैलचित्र नव्या फ्लॅटच्या भिंतीवर बसत नाही, मग ते जाते कुठे?

मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो, इमारतींची अंदाजपत्रके रोज बघतो. त्यात दगड, सिमेंट, फरशी सगळे असते. रोज दार उघडणाऱ्या माणसाचा पगार त्यात नसतो. दालन बांधणे सोपे, चालवणे अवघड. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवा दमट. ओल धरणाऱ्या भिंतीवर कॅनव्हास टांगला की मागून बुरशी चढते. समोरून ऊन आले तर रंग उडतो. चित्र भिंतीपासून थोडे सुटे ठेवावे लागते, हवा खेळती लागते, आणि मुख्य म्हणजे नियमाने बघणारा माणूस लागतो.

राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 पासून आपल्या भागाचे विद्यापीठ आहे. तिथे कन्नड विभाग आहे, तसा मराठी विभागही आहे. या विद्यापीठाकडे आपण दालनाचा आग्रह धरावा. मात्र ते रविवारी आणि संध्याकाळी उघडे हवे, कारण नोकरदार माणूस आणि शाळकरी मूल तेव्हाच मोकळे असते. चित्राखालची पाटी कन्नड आणि मराठी दोन्हीत हवी. सीमाभागात पाटीवरून किती वाद होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण ज्या घराने चित्र दिले, त्या घरातल्या आजीला ते कुणाचे आहे हे आपल्या भाषेत वाचता आले पाहिजे, यात कुणाला वाईट वाटण्यासारखे काही नाही.

नुसते मागून मात्र चालणार नाही. आपल्या मंडळाने दिवाळीपर्यंत सभासदांच्या घरच्या जुन्या चित्रांची यादी करावी. चित्रकार कोण, साल कोणते, चित्रातला माणूस कोण, हे सांगणारे वडीलधारे आज आपल्यात आहेत, तोवर ते लिहून घ्यावे. पुढच्या वर्षी याच मंडपाशेजारी त्यांतली काही चित्रे मांडावी आणि विद्यापीठाच्या मंडळींना ती बघायला बोलवावे. हातात यादी असली की मागणीला वजन येते.

यादीसाठी पहिले नाव आज, आरतीनंतर, कोण देते ते बघू या.

गणपती बाप्पा मोरया!