दवण्याची रानातली बहीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानावरून)



खरे पाहता मी काही व्याख्याती नव्हे. चार कुंड्या जगवणारी एक गृहिणी, एवढीच माझी ओळख. तरीही आज इथे उभी आहे, त्याला माझीच बडबड कारणीभूत आहे. गेल्या वर्षी मुलीकडे जपानात गेले होते. तिथे खाल्लेल्या हिरव्या वड्यांचे वर्णन मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रंगवून रंगवून केले. ‘आपल्या दवण्याच्याच जातीचा पाला घालतात हो त्यात!’ असेही सांगितले. पुढच्याच आठवड्यात आपल्यातील एक भगिनी रस्त्याकडेचा जुडगाभर कातरलेल्या पानांचा पाला घेऊन माझ्या दारात हजर! पाहते तो काय, गाजरगवत! तेव्हाच ठरवले की, अर्धवट सांगितलेले आता पुरते सांगायलाच हवे.

दवणा आपल्याला परका नाही. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात, आणि हारात, वेणीत त्याची एक काडी असली की सारे घर दरवळते. या दवण्याचे कुळ फार मोठे आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘आर्टेमिसिया’ म्हणतात. ग्रीक लोकांची आर्टेमिस नावाची देवता बाळंतिणींची रक्षणकर्ती मानली जाई, तिच्याशी हे नाव जोडतात. याच कुळातली दवण्याची एक रांगडी बहीण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रानोमाळ वाढते. तिला कुठे ढोरदवणा, तर कुठे नागदवणा म्हणतात. जपानातली ‘योमोगी’, कोरियातली ‘सुक’, नेपाळातली ‘तितेपाती’ आणि इंग्रजांची ‘मगवर्ट’ या सगळ्या तिच्या सख्ख्या-चुलत बहिणी.

या पाल्याला निरनिराळ्या देशांत केवढा मान आहे पाहा! जपानात वसंत ऋतूत कोवळी पाने उकडतात, पिळून वाटतात आणि चिकट तांदळाच्या लगद्यात कुटून त्याच्या हिरव्यागार वड्या करतात. आत गोड डाळीचे सारण. आपल्या पुरणाचीच आठवण व्हावी! जर्मनीत भाजलेल्या हंसाच्या मांसात हा पाला घालतात, कारण त्याच्या कडवटपणाने तुपकट जेवण सोसते अशी तिथली समजूत. चीनमध्ये पाचव्या महिन्याच्या पंचमीला याच्या जुड्या दारावर टांगतात, आपण दसऱ्याला तोरण बांधतो तशा. कोरियातली कथा तर मला फारच आवडली. एका अस्वलीला आणि वाघाला माणूस व्हायचे होते. देवाने त्यांना या पाल्याची जुडी आणि लसणाच्या वीस पाकळ्या दिल्या आणि शंभर दिवस अंधारात राहायला सांगितले. वाघाला ते पथ्य सोसवले नाही, तो पळाला. अस्वली मात्र टिकली आणि एकविसाव्या दिवशी तिची स्त्री झाली. तिचाच मुलगा कोरियाचा पहिला राजा. पथ्य पाळावे तर बायकांनीच, हे तिथेही ठाऊक आहे म्हणायचे!

आता ओळखीचे बोलू. पान उलटून पाहा. मगवर्टचे पान वरून गर्द हिरवे आणि खालून पांढरे, मऊ लव असलेले, जणू राख फासली आहे. चुरगाळले की कापरासारखा उग्र, पण हवाहवासा वास येतो. गाजरगवताचे पान दोन्हीकडून सारखेच फिकट हिरवे, खरखरीत, आणि त्याला हा सुवास नाही. त्याला पांढरी बारीक फुले येतात. हे गवत 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. अंगाला लागले की अनेकांना खाज सुटते, पुरळ उठते. ते पोटात घेणे तर दूरच राहिले. म्हणून भगिनींनो, रस्त्याकडेचे काहीही तोडून चुलीपाशी नेऊ नका.

लावायचे असेल तर खात्रीच्या रोपवाटिकेतून नाव विचारून रोप आणावे. बी फार बारीक असते, त्यापेक्षा मुळाचा फुटवा लावणे सोपे. मृगाच्या सुमारास बारा इंची कुंडीत लावा. जमिनीत लावू नका. याच्या मुळ्या भुईतून धावत जातात आणि वर्षभरात शेजारणीच्या तुळशीपर्यंत पोचतात! पाणी निचरून जाणारी माती हवी. खत बेताचेच, जास्त दिले तर नुसता फोफावतो. उन्हाळ्यात दुपारची सावली द्या. शेंडे खुडत राहिलात तर फुटवे येतात आणि झाड फुलावर जात नाही. फुलू देऊ नये याला आणखी एक कारण आहे. याचे पराग वाऱ्याने उडतात आणि पुष्कळांना त्याने शिंका, दमा यांचा त्रास होतो. ज्यांना शेवंती-झेंडूच्या कुळातल्या झाडांचे वावडे आहे, त्यांनी तर दूरच राहावे.

पाने फुलण्याआधी खुडून सावलीत वाळवा. पातळ कापडात पुरचुंडी बांधून कपाटात ठेवली तर कपड्यांना छान वास येतो. घाटातल्या नागदवण्याचा मी एवढाच उपयोग करते. खाण्यासाठी मात्र मी मुलीने आणलेली, खाण्याची म्हणून विकली जाणारी योमोगीची पूडच वापरते. दोन वाट्या तांदळाच्या पिठीची उकड काढताना पाण्यात लहान एक चमचा पूड घालायची, आत आपले नेहमीचे खोबरे-गुळाचे सारण. गेल्या गणेशचतुर्थीला असे हिरवे मोदक केले. आमच्या घरच्यांनी आधी नाके मुरडली, पण नंतर ताट रिकामे झाले.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. औषध म्हणून याचे पुष्कळ गुण सांगितले जातात. पूर्वीच्या काळी विटाळ सुरू व्हावा म्हणून बायका याचा काढा घेत. नेमक्या त्याच कारणासाठी गर्भवतीने हा पाला घेऊ नये, अंगावर पाजणाऱ्या आईनेही घेऊ नये. ‘पाला तर आहे, अपाय काय होणार?’ असे म्हणू नका.

दुसरी गोष्ट माझ्याच घरची. माझ्या धाकट्या जावेला थंडी वाजून ताप आला. कुणीतरी सांगितले, याच जातीच्या पाल्यापासून मलेरियाचे औषध निघाले आहे. झाले! मीच तीन दिवस तिला काढा करून दिला. चौथ्या दिवशी रक्त तपासले, तो मलेरियाच निघाला. ती बरी झाली, पण ते तीन दिवस माझ्या मनातून अजून जात नाहीत.

पुढे मी नीट वाचले. ते औषध खरेच या कुळातल्या एका झाडातून निघाले, पण ते झाड निराळे, आर्टेमिसिया ॲन्युआ. ते शोधले तू यूयू या चिनी बाईंनी. त्यांच्याजवळ ना डॉक्टरेट, ना परदेशातले शिक्षण. चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात त्यांना पाला पाण्यात भिजवून पिळून घ्यावा असे सापडले. त्यावरून त्यांच्या ध्यानात आले की उकळल्याने गुण जातो. 1972 साली औषध शुद्ध रूपात हाती आले. त्याआधी पाल्याचा अर्क त्यांनी स्वतःवर घेऊन पाहिला, मग रोग्यांना दिला. 2015 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मी काढा उकळत होते, तेव्हा झाड चुकीचे आणि कृतीही चुकीची! जागतिक आरोग्य संघटनाही अशा पाल्याचा चहा-काढा मलेरियावर घेऊ नका असेच बजावते.

तेव्हा ताप आला तर आधी रक्त तपासा. मोदकात योमोगी, कपाटात नागदवणा आणि देवाला दवणा, प्रत्येकीला तिच्या जागी ठेवा. बाहेर मेजावर पाच फुटवे कुंड्यांत ठेवले आहेत. ज्यांना हवे त्यांनी न्यावेत, पण नेण्याआधी पान उलटून मला दाखवावे!