ताऱ्यांची अखेर

थंडीच्या दिवसांत रात्री जेवणं आटोपली की अंगणात या आणि मृग नक्षत्राकडे पाहा. चौकोनाच्या एका कोपऱ्यात तांबूस तारा दिसतो, तो काक्षी. जवळच सर्वांत तेजस्वी असा व्याध. या व्याधाला एक जोडीदार आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोठं चमत्कारिक प्रकरण आहे हे! वजन जवळजवळ सूर्याएवढं आणि आकार आपल्या पृथ्वीएवढा. त्यातलं चमचाभर द्रव्य कित्येक टन भरेल. याला म्हणतात श्वेत बटू. जळून गेलेल्या ताऱ्याचा उरलेला निखारा.

ताऱ्याचं जळण म्हणजे हायड्रोजन. त्याचा हेलियम होताना उष्णता निघते आणि तिच्या दाबावर ताऱ्याचा भार तोलला जातो. जळण संपलं की भार जिंकतो. तुम्ही म्हणाल, ज्याच्यापाशी जळण अधिक तो अधिक जगणार. तसं नाही. जड तारा भारी उधळ्या! सूर्याला ४६० कोटी वर्षं झाली, अजून सुमारे ५०० कोटी वर्षं तो पुरेल. मग फुगेल, तांबडा होईल, वरचे थर सोडून देईल आणि श्वेत बटू होऊन निवत राहील. काक्षीचं वय एक कोटी वर्षांच्या आसपास, नि तो म्हाताराही झाला. उलट अगदी लहान तारे इतके काटकसरी, की त्यांतला एकही अजून म्हातारपणाने मेलेला नाही.

पण प्रत्येक तारा असा शांतपणे निवतो का? १९३० साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांनी हा हिशेब वाटेतच मांडला. उरलेला गाभा एका मर्यादेहून जड असेल, तर तो निखारा म्हणून टिकूच शकत नाही. ही मर्यादा पुढे सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. १९३५च्या जानेवारीत लंडनला भरसभेत एडिंग्टनसारख्या थोर माणसाने त्यांची थट्टा केली. ताऱ्याला असं वागू न देणारा काही नियम निसर्गात असलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तो नियम काही सापडला नाही. चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळालं ते १९८३ साली.

जन्मतः सूर्याच्या आठेक पटींहून जड ताऱ्यांवर ही पाळी येते. गाभा कोसळून वीसेक किलोमीटर रुंदीचा न्यूट्रॉन तारा होतो, फारच जड असेल तर कृष्णविवर. बाहेरचा भाग बहुधा स्फोटात उडतो. १०५४ साली चिनी ज्योतिष्यांनी वृषभ राशीत असा स्फोट पाहिला. २३ दिवस तो भर दिवसा दिसत होता. काक्षीचंही तेच व्हायचं आहे. २०१९-२०च्या हिवाळ्यात तो एकाएकी मंदावला, तेव्हा पुष्कळांना वाटलं, आली वेळ! पण ती निघाली धूळ, त्यानेच बाहेर टाकलेली. अजून कदाचित लाखभर वर्षं आहेत.