थांबलेली कळ



दोरीवरच्या उड्या मारताना, भरलेला हंडा उचलून वळताना, कधी रात्री नुसती कूस बदलताना ओटीपोटात एका बाजूला जीवघेणी कळ उठते. मागोमाग मळमळ, उलटी. घरातलं कुणी म्हणतं, "बेंबी सरकली असेल, पोट चोळून घे." मला आज बोलायचं आहे ते या चोळण्याविरुद्ध.

अशी कळ अंडाशयाला पीळ पडल्याची असू शकते. अंडाशय साधारण बदामाएवढा. तो पोटात घट्ट बसवलेला नसतो, बंधांच्या आधारावर लोंबता असतो, आणि त्याचा रक्तपुरवठाही त्या बंधांतूनच येतो. अंडाशयात गाठ झाली, विशेषतः ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, की तो जड होऊन स्वतःभोवती फिरू शकतो. डावीकडे मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते, म्हणून असा पीळ उजवीकडे जास्त पडतो. आधी दबतात त्या पातळ भिंतीच्या नीला. आत रक्त येत राहतं, बाहेर पडायला वाट नसते. अंडाशय सुजतो, आणि शेवटी आत येणारं रक्तही थांबतं.

"मी उड्या मारल्या म्हणून झालं का?" असं मुली रडवेल्या होऊन विचारतात. नाही गं. हालचाल फार तर निमित्त. कारण बहुधा आधीची गाठ. लहान मुलींत तर गाठ नसतानाही पीळ पडतो. मूल होण्यासाठी इंजेक्शनं घेऊन ज्यांचे अंडाशय मोठे झाले आहेत, त्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस धावणं, उड्या आणि जड उचलणं टाळावं.

मला सर्वांत भीती वाटते ती थांबलेल्या कळेची. पीळ कधी थोडा सैल होतो, बरं वाटतं, बाई कामाला लागते; काही तासांनी तो पुन्हा आवळतो. कुशीवर झोपून, आसन करून किंवा पोट चोळून तो सोडवता येत नाही. सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही अशी खात्री देता येत नाही. शंका राहिली तर दुर्बिणीतून पाहावंच लागतं, आणि त्याच वेळी पीळ सोडवता येतो. काळानिळा पडलेला अंडाशयही पुष्कळदा पुन्हा काम करू लागतो. पूर्वी असे अंडाशय सर्रास काढून टाकत.

लग्न न झालेल्या मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यायला आया कचरतात. त्यांनी निर्धास्त असावं, सोनोग्राफी पोटावरूनही होते.

अशी कळ आली तर काही खाऊ-पिऊ नका, कळ किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा आणि सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ क्रमांकाला फोन करा.